बुटाचं माप, बसचा थांबा

५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या वेगवेगळ्या कारखान्यांत मी हे काम केलं. रुजू झाले तेव्हा शॉप फ्लोअरवर बाई दिसायची ती झाडताना किंवा पॅकिंगच्या टेबलाशी. निवृत्त होताना असेंब्लीच्या काही लाइनींवर मुलांपेक्षा मुली जास्त होत्या. मधल्या काळात जे कळलं ते लिहिते आहे. कारखान्यांची नावं घालत नाही. यातलं बहुतेक सगळं कमीअधिक प्रमाणात प्रत्येक ठिकाणी पाहिलं.

मुलींचा आत्मविश्वास वाढवणारी व्याख्यानं आम्ही पुष्कळ ठेवली. त्यांनी फारसं काही हललं नाही. जुन्नर, बीड, नांदेडकडून निघून चाकणमध्ये चौघींत एक खोली घेऊन राहणाऱ्या आणि पहाटे साडेपाचला बसच्या थांब्यावर उभ्या असणाऱ्या मुलीत आत्मविश्वास कमी नसतो. दुरुस्ती करावी लागते ती कारखान्याच्या मांडणीत.

१. मुली भरण्याआधी स्वच्छतागृह बघा

स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे नकाशावर ते असतंच. प्रश्न ते कुठे आहे हा. एका कारखान्यात ते ऑफिसच्या इमारतीत होतं. चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि जाऊन येण्यातच ती संपायची. मुलींनी यावर स्वतःच उपाय काढला होता: कामाची पाळी संपेपर्यंत पाणी प्यायचं नाही. हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. कारखान्याच्या दवाखान्याची नोंदवही चाळताना दिसलं. पानापानावर डॉक्टरांच्या अक्षरात तेच ते: लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. आणि त्याच महिन्याच्या बैठकीत प्रॉडक्शनचे लोक सांगत होते की मुलींची हजेरी चांगली नसते.

स्टोअरची एक खोली मागून घेऊन लाइनला लागून स्वच्छतागृह बांधलं. पण तेवढ्यानं भागलं नाही. चालू लाइनवरून उठायचं तर आपल्या जागी उभं राहायला रिलीव्हर लागतो, आणि तो लाइन लीडरकडे मागावा लागतो. मासिक पाळीच्या दिवसांत तीनदा उठावं लागणारी एकोणीस वर्षांची मुलगी तिसऱ्यांदा त्या माणसासमोर हात वर करत नाही. मग आम्ही रिलीव्हरला घड्याळ लावून दिलं. तो ठरलेल्या वेळी एकेका जागेवर आपण होऊन जाणार, कुणी मागायचं नाही. हा नियम मुलांनाही लागू केला. मधुमेह असलेल्या एका जुन्या फिटरनं येऊन माझे आभार मानले.

ही गोष्ट फक्त कारखान्यांची नाही. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसायला मनाई असायची, स्वच्छतागृहाचीही तीच पंचाईत. त्यांनी संघटित होऊन लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्यात बदल होऊन बसण्याचा हक्क आला. मुंबईत सार्वजनिक मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम चालवावी लागली. नोकरी करणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि बैठकीत तो उच्चारायला लोक संकोचतात. संकोच बाजूला ठेवा.

२. साहित्य बाईच्या मापाचं मागवा

सेफ्टी शूज सहा नंबरच्या खाली स्टोअरमध्ये नसायचे. मुली दोन मोजे चढवून किंवा पुढे कापूस भरून ते घालायच्या आणि पायऱ्यांवर अडखळायच्या. हातमोज्यांचंही तसंच, सैल मोजा फिरत्या यंत्राजवळ किती धोक्याचा असतो हे कुठल्याही ऑपरेटरला विचारा. असेंब्लीच्या टेबलाची उंची पुरुषाच्या कोपराला धरून केलेली, म्हणून मुलींचे खांदे दुखायचे. खरेदी विभागाला मापांचा तक्ता दिला, टेबलांपाशी पायाखाली फळी दिली. जड भाग उचलण्यासाठी एका लाइनवर हॉइस्ट बसवला, तोही मुली येणार म्हणूनच मंजूर झाला. पुढे त्या लाइनवरच्या मुलांच्या कंबरदुखीच्या रजा कमी झाल्या. तो हॉइस्ट आधीच बसायला हवा होता.

३. नोकरी घराच्या दारापासून सुरू होते

कारखाने अधिनियमानं स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवायला मनाई केली होती. हेतू रक्षणाचा होता. परिणाम असा की तीन पाळ्यांच्या कारखान्यात बाई दुय्यमच राहिली. लाइन लीडर व्हायचं तर तिन्ही पाळ्या सांभाळल्याचा अनुभव लागतो, रात्रपाळीचा भत्ता वेगळा मिळतो, आणि मोठा बिघाड निस्तरायला शिकायची संधी रात्रीच मिळते, कारण तेव्हा साहेब नसतात. २००० साली मद्रास उच्च न्यायालयानं ही मनाई घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली.

अटी कागदावर सोप्या असतात. पुण्यात २००७ साली कॉल सेंटरच्या रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला. ती कंपनीनं ठरवून दिलेल्या गाडीत बसली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं मुलींचे वडील मला तीच घटना सांगायचे, आणि ते सांगतात त्यात काही चूक आहे असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे व्यवस्था असायला हवी होती.

ती अशी बसवली. बसमध्ये पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी मुलगी एकटी राहणार नाही असा मार्ग आखायचा, नाहीतर सुरक्षारक्षक शेवटपर्यंत बसमध्ये हवा. थांबा मुख्य रस्त्यावर नको, खोलीपासून हाकेच्या अंतरावर हवा. महामार्गाच्या कडेला पहाटे उतरवून दिल्यावर पुढचा अंधारा अर्धा किलोमीटर कुणाचा, याचं उत्तर व्यवस्थापनानं द्यायचं. रात्री एक महिला पर्यवेक्षक हजर हवी. आणि रात्रपाळी नको म्हणणाऱ्या मुलीची बढती त्या कारणानं अडायला नको. हे शेवटचं कलम मान्य करून घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

आई-वडिलांना आम्ही रविवारी कारखाना दाखवायला बोलावायचो. लेक उभी राहते ती जागा, जेवते ते कॅन्टीन, बसचा चालक, सगळं दाखवायचो. काही आया लाइनवर उभ्या राहून रडल्या. त्यांची लेक एवढं मोठं यंत्र चालवते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

४. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून काढा

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि पुण्याच्या कारखान्यात अभियंता म्हणून त्या रुजू झाल्या. आज असं छापायची कुणाची हिंमत होणार नाही. ते मुलाखतीत विचारलं जातं. लग्न कधी करणार, मिस्टर कुठे असतात, मुलं किती, सासरचे परवानगी देतील का. पुरुष उमेदवाराला यातलं काहीही विचारत नाहीत.

मी प्रश्नांचा कागदच बनवला. प्रत्येकाला तेच आठ-दहा प्रश्न, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक उत्तराला गुण लगेच तिथेच लिहायचे. त्यापुढे आयटीआयच्या धर्तीवर हातानं काम करून दाखवायची परीक्षा: ड्रॉइंग वाच, व्हर्नियरनं माप घे, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळ. ज्यांना मुली नको होत्या त्या विभागप्रमुखांशी वाद घालायची गरज उरली नाही. गुणांचा कागद त्यांच्यासमोर ठेवायचा.

५. आडनावाकडे दुर्लक्ष करू नका

स्त्री-पुरुष समानतेवर बोलणारे पुष्कळ अधिकारी जातीचा विषय निघाला की म्हणतात, आमच्याकडे तसलं काही नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास त्यांनी वाचावा. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे धोटा भरताना धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. त्या धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागतं म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात पाऊल टाकू दिलं नाही. गिरणी एक, मालक एक, लाल बावटा एक, आणि तरी ही रेघ कायम. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला.

आज धोटा नाही. पण कॅन्टीनमध्ये डबे कुणाचे कुणाबरोबर उघडतात ते पाहा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी 'पूर्ण नाव काय, गाव कुठलं' हे कशासाठी विचारतात, ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. उत्तर ऐकल्यावर वागणं बदलतं. आमच्याकडे मुलींची भरती सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षाच्या शेवटी मी नावांची यादी घेऊन बसले. लाइनवर एका प्रकारची आडनावं होती. हाउसकीपिंगच्या कंत्राटात दुसऱ्या प्रकारची. दोन्हीकडे बायकाच, दोन्हीकडे बऱ्याच जणी दहावी-बारावी झालेल्या. अहवालात मात्र 'महिलांचं प्रमाण' म्हणून एकच आकडा छापला गेला होता आणि त्याचं कौतुक चाललं होतं.

हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. ते ओळखीच्या भरतीतून आलं होतं. सुपरवायझर आपल्या गावची, आपल्या नात्यातली मुलं सुचवतो, ती मुलं पुढे आपल्या बहिणींना आणतात. ठेकेदार आपल्या वस्तीतून माणसं आणतो. दोन्ही वाटा वेगळ्या, त्या कुठेच एकमेकींना मिळत नाहीत. म्हणून आम्ही तीन गोष्टी केल्या. छाननीच्या यादीतून आडनाव आणि गाव काढलं, फक्त क्रमांक ठेवला. जागा निघाल्या की जाहिरात कंत्राटी कामगारांच्या सूचनाफलकावर आधी लावायची, असं ठरवलं. आणि सफाईचं काम करणाऱ्या ज्या बायका आयटीआयच्या परीक्षेला बाहेरून बसू इच्छित होत्या त्यांच्या पाळ्या अभ्यासाच्या वेळेप्रमाणे लावून घेतल्या. त्यातली एक आज क्वालिटीत इन्स्पेक्टर आहे. ती ज्या पॅसेजमध्ये फरशी पुसायची, त्याच पॅसेजच्या टोकाला तिचं टेबल आहे, आणि काही जण अजूनही तिला नावानं हाक मारत नाहीत, 'ए' म्हणतात. त्यासाठी मी कामगार संघटनेच्या लोकांशी भांडले आहे.

विविधतेचा हिशेब मांडताना बाई हा एकच रकाना ठेवला तर बाईच्या आतला हा भेद दिसतच नाही.

६. समिती कागदावर असून चालत नाही

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरी देवी आहेत. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथिन' होत्या. एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि कायदा यायला आणखी सोळा वर्षं गेली. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या एका ग्रामीण बाईमुळे हा कायदा झाला हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले, कारण कंपन्यांत तो फक्त ऑफिसमधल्या बायकांसाठी आहे असं धरून चालतात. कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, कॅन्टीनमधल्या भाकऱ्या थापणाऱ्या बाई, सगळ्या त्यात येतात.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्मे सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची, या विषयात काम करणारी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. समितीला वाटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. तक्रारदार स्त्रीला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

हे सगळं पाठ असलेल्या समित्याही कशा फसतात ते सांगते. एका ठिकाणी पाळीच्या सुपरवायझरचा त्रास झालेल्या तीन मुलींपैकी एकीनं त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी तिला 'तिच्याच सुरक्षिततेसाठी' दुसऱ्या विभागात हलवलं. तो जागेवर राहिला. सगळ्या लाइननं त्याचा एकच अर्थ लावला, आणि उरलेल्या दोघी साक्षीला आल्या नाहीत. वास्तविक कायदा सांगतो की चौकशी चालू असताना बदली करायची ती तक्रारदार स्त्रीनं लेखी मागितल्यावर, आणि ती त्याचीही मागू शकते. तीन महिन्यांपर्यंत रजाही मागू शकते. समेटसुद्धा तिनं मागितला तरच करता येतो आणि त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मुलगी ठेकेदाराची होती. तिनं तोंड उघडल्यावर पंधरवड्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावरून तिचं नावच गेलं. कंपनी म्हणाली, तो ठेकेदाराचा प्रश्न. बाहेरच्या सदस्य बाईंनी तेव्हा अडून बसून सांगितलं की मुलगी रुजू होईपर्यंत मी अहवालावर सही करणार नाही. ती रुजू झाली. बाहेरची सदस्य निवडताना कंपनीच्या ओळखीतली, गप्प बसणारी निवडू नका. अडून बसणारी निवडा.

पुरुष विचारतात, खोट्या तक्रारी आल्या तर? दुष्ट हेतूनं केलेल्या तक्रारीसाठी कायद्यात कलम आहे, पण पुरावा देता न येणं म्हणजे खोटेपणा नव्हे, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. माझ्या अनुभवात तक्रारी जास्त येण्याची अडचण कधीच नव्हती. एकही तक्रार नाही असं अभिमानानं सांगणाऱ्या कारखान्यात मी आधी लाइनवर जाऊन विचारायची, समितीत कोण कोण आहे. बहुधा कुणालाच माहीत नसायचं.

७. बाळंतपण हा कारखान्याचाही विषय आहे

प्रसूतीच्या लाभाचा देशातला पहिला कायदा आपल्या मुंबई प्रांतानं १९२९ मध्ये केला. त्याच्या विधेयकावर १९२८ साली विधिमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानं त्याचा भार उचलावा, ही त्यांची मांडणी होती. पण या नव्या खर्चाचं निमित्त पुढे करून गिरणीमालकांनी बायका भरणं आखडतं घेतलं. तोच युक्तिवाद मी २०१७ मध्ये पुन्हा ऐकला. त्या वर्षी पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि आमच्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, म्हणजे आता विवाहित मुली घ्यायच्या नाहीत.

तेव्हा मी ईएसआयचा कागद पुढे केला. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगार स्त्रीचा या २६ आठवड्यांचा पैसा महामंडळाच्या निधीतून येतो, कंपनीच्या तिजोरीतून नाही. वर्गणी कंपनी तशीही भरतच असते. शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक मुली या योजनेतच होत्या. बैठकीतल्या अर्ध्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. भीती बरेचदा अशा अज्ञानातूनच येते, म्हणून हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

खरी अडचण रजेनंतर सुरू होते. परत आलेल्या मुलीची जागा गेलेली असते, तिला 'हलकं काम' म्हणून पॅकिंगला टाकतात आणि वर्षाअखेरीस सहा महिने नव्हती म्हणून सर्वांत खालची श्रेणी देतात. आम्ही नियम केला: रजेच्या वर्षी आधीच्या वर्षाची श्रेणी कायम, आणि जागा तीच. तिला काम बदलून हवं असेल तर ते तिनं मागायचं.

५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय २०१७ पासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. आमचं पाळणाघर पहिले काही महिने ओस पडलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की अर्जावर फक्त 'आईचं नाव' होतं. लाइनवर शेकडो बाप काम करत होते. त्यातल्या कितीतरी जणांच्या बायका दुसऱ्या कारखान्यांत किंवा हिंजवडीला जात होत्या. अर्ज बदलला आणि खोली भरली. सकाळी एका कडेवर लेकरू आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन गेटमधून येणारे बाप दिसू लागले तसं बाकीच्या पुरुषांचं बोलणंही बदललं. बापाच्या रजेसाठी खाजगी क्षेत्रात अजून कायदा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. कंपनीनं स्वतःहून एवढी तरी द्यावी. तोवर मूल हे बाईचंच काम, असं आपण हजेरीपटावरच छापत राहू.

८. समान पगार तपासताना ग्रेड तपासा

समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ मध्ये आला. कुठल्याही कारखान्याच्या पगारपत्रकात एका ग्रेडच्या बाई-पुरुषांत फरक सापडणार नाही. फरक ग्रेड ठरवण्यात असतो. वायरिंग, तपासणी, बारीक जोडकाम मुलींना देतात, बोटं नाजूक म्हणून. मशीनची कामं मुलांना. आणि मशीनची ग्रेड वरची. तासन्‌तास नजर न हलवता बारीक दोष पकडणं हे कौशल्य का धरलं जात नाही, याचं उत्तर मला कुठल्याही मूल्यमापन तक्त्यात मिळालं नाही. ओव्हरटाइमही पाहा: तो ऐनवेळी संध्याकाळी जाहीर होतो, तेव्हा बस निघून गेलेली असते, म्हणून तो मोटरसायकलवाल्यांनाच मिळतो. दुपारी बारापर्यंत जाहीर करा आणि परतीची गाडी द्या.

९. वेगळ्या माणसाला घेताना इमारत आणि वस्ती दोन्ही बघा

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि समान संधीचं धोरण जाहीर करायची जबाबदारी खाजगी आस्थापनांवरही टाकली. आमच्याकडे कर्णबधिर मुलं असेंब्लीवर आली. काम ती उत्तम करत होती. पण अग्निशमनाच्या सरावाच्या दिवशी भोंगा वाजला, सगळे बाहेर पळाले आणि ती जागेवर बोल्ट आवळत राहिली. दिव्यांची उघडझाप होणारी यंत्रणा त्यानंतर बसवली. शेजारच्या जागांवरच्या कामगारांनी खुणांची भाषा शिकावी म्हणून आठवड्यातून एक तास दिला. त्यातून मैत्री झाली, आणि चुकाही लवकर कळू लागल्या.

तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत कोची मेट्रोचा अनुभव सगळ्यांनी लक्षात ठेवावा. २०१७ मध्ये त्यांनी तृतीयपंथी कर्मचारी नेमले, देशभर वाखाणणी झाली, आणि लवकरच त्यांच्यातल्या काहींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कुणी भाड्यानं घर देईना. नेमणूकपत्र देताना राहायचं कुठे हेही विचारलं पाहिजे. आमच्याकडे अशी एक जण आली तेव्हा मी आधी घरमालकाला भेटले आणि कंपनीच्या नावानं करार करून दिला.

१०. ८ मार्चला हिशेब वाचा

महिला दिनाला गुलाबाचं फूल द्यायला माझी हरकत नाही. पण त्याच सभेत, गेल्या ८ मार्चला बायकांनी काय मागितलं होतं आणि त्यातलं काय झालं, हे कारखान्याच्या प्रमुखानं स्वतः वाचून दाखवावं.

११. स्वस्त मजूर म्हणून मुली घेणं ही समानता नाही

हे लिहिताना माझे काही जुने सहकारी दुखावतील. सगळ्या मुलींची लाइन उभी करून तिचे फोटो छापणाऱ्या कारखान्यांत मी एक प्रश्न विचारते: यातल्या कायम किती? पुष्कळ ठिकाणी सगळ्या प्रशिक्षणार्थी असतात. ठरावीक मुदत संपली की विद्यावेतन थांबतं, त्या गावी जातात आणि नवी तुकडी येते. त्यांच्यावरचा लाइन लीडर पुरुष, त्याच्यावरचा अभियंता पुरुष. मुली संघटना करत नाहीत, ऐकतात, म्हणून त्या हव्या असतात, हे मी बंद दाराआड ऐकलं आहे.

जुन्या कायम कामगारांना याचीच भीती असते. मुली आल्या की आपलं काम कमी पगारावर जाईल, असं ते म्हणतात तेव्हा त्यांना मागासलेले ठरवून गप्प करू नका. त्यांचं निरीक्षण बरोबर असू शकतं. मी त्यांना सांगायची की तुमचं भांडण मुलींशी नाही, ठेक्याशी आहे. मुलींना संघटनेचं सभासद करून घ्या आणि त्या कायम व्हाव्यात म्हणून करारात मागणी घाला. एका संघटनेनं ते केलं. वेतन कराराच्या वाटाघाटीला प्रथमच दोन मुली टेबलाशी बसल्या, आणि पाळणाघराचा मुद्दा पुरुष प्रतिनिधीनं मांडला. नंतरच्या तुकडीतल्या बऱ्याच मुली कायम झाल्या. मुलींच्या स्वतंत्र लाइनी सुरुवातीला उपयोगी पडतात, घरच्यांना धीर येतो, हे मला मान्य आहे. पण काही वर्षांत त्या लाइनीतून लीडर, मग पर्यवेक्षक, मग बाकीच्या लाइनींवर बदल्या असं झालं नाही, तर ती लाइन एक वेगळं खातं होऊन बसते.

तुम्ही कुठेही नोकरी करत असाल, बँकेत, शाळेत, दुकानात, आयटी पार्कमध्ये, तर उद्या एक काम करा. सूचनाफलकावर अंतर्गत समितीची माहिती लावलेली आहे का ते बघा. समिती नेमल्याचा आदेश आणि छळाच्या परिणामांची सूचना ठळक जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. नावं असतील तर त्यातली किती माणसं अजून नोकरीत आहेत ते पाहा आणि दिलेल्या नंबरवर फोन लावून बघा. फलक सापडला नाही किंवा फोन कुणी उचलला नाही, तर व्यवस्थापनाला लेखी विचारा, आणि पत्राची पोच घ्या.